चौथा नारळ

कल्याणात त्या काळी पुरुषांचे गुडघे बायकांना जास्त ठाऊक होते. हे वाचून कुणी भुवया चढवण्याआधीच खुलासा करते. पुरुष मंडळी घराबाहेर पडत ती निऱ्या झटकून, छाती काढून, जणू आजवर कधी ठेचच लागली नाही अशा थाटात. पण कुणाच्या धोतराला उजव्याच अंगाला माती लागते, कुणाची आई सकाळी सकाळी ‘वाटीभर तीळतेल असलं तर’ म्हणत शेजारच्या दारात उभी राहिली, कुणाकडे आंबेहळद गेली आणि कुणाकडे दोनदा गेली, हे सगळं उजाडल्यावर घटकाभरात काळ्या तलावाच्या पायऱ्यांवर गोळा होई. धुणं आपटता आपटता आम्ही गावातली हाडं न् हाडं मोजून काढत असू. वैद्यालाही इतकं कळत नसे, कारण वैद्याकडे माणूस दुखणं सोसवेनासं झालं की जातो आणि शेजारणीकडे हळद मागायला पहिल्याच दिवशी.

मी सासरी आले तेव्हा तेराची होते. माहेर ठाण्याचं. सासरी माझं नाव लक्ष्मी ठेवलं, आणि त्या नावाला ओ द्यायला मला महिनाभर लागला. घर भाताच्या व्यापाराचं. ओटीवर पोती, माजघरात पोती, आणि सगळ्यावर भाताच्या तुसाची बारीक पिवळी भुकटी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, बोलायला कमी आणि खाकरायला जास्त. त्यांच्या खाकरण्याचे अर्थ सासूबाईंना पाठ होते: एक पाण्याचा, एक पाहुण्याचा, एक ‘पुरे झालं आता’चा. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, आगगाडीच्या मालधक्क्यावर कारकुनीला जात; ते अंधारात निघत ते दिवे लागल्यावर येत. तेव्हा माझं खरं बोलणं होई ते धाकट्या दिराशी. विसूभावजी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. त्यांनीच मला तुसावर बोट फिरवून अक्षरं शिकवली. आज हे लिहिते आहे ते त्यांच्या उपकारावर, आणि लिहिते आहे ते त्यांना न सांगितलेलं. भावजी, वाचून झालं की मुकाट्याने चष्मा पुसावा आणि पान उलटावं.

दर वर्षी संक्रांत सरली की वरच्या आणि खालच्या आळीचा आट्यापाट्यांचा सामना असे. खेळ साधाच: जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर एक जण वाट अडवून उभा, आणि समोरच्या बाजूच्या गड्यांनी अंगाला हात लागू न देता पाट्या ओलांडून पलीकडे जाऊन परत यायचं. साधा म्हणजे सांगायला. खेळायला कमरेला बिजागरी लागते. आता, मामंजींच्या वडिलांच्या काळी असं झालं म्हणे, की वरच्या आळीत सगळे दमेकरी आणि खालच्या आळीत सगळे होडीवाले साठले, आणि तीन वर्षं सामना तोंडातलं पान रंगायच्या आत आटपू लागला. तेव्हा त्यांनी रीत घातली. गावातले सगळे गडी आमच्या अंगणात एका रांगेत उभे करायचे आणि दोन्ही आळ्यांच्या नायकांनी आळीपाळीने एकेक गडी मागून घ्यायचा. या पहिल्या मागणीचे चार गडी, दोन इकडे आणि दोन तिकडे, त्यांना ओट्यावरून एकेक नारळ. बाकीच्यांची चिठ्ठ्या टाकून वाटणी. चिठ्ठीच्या गड्याला कुणी विचारत नसे. नारळाचा गडी मात्र वर्षभर नारळाचा गडी: न्हाव्याकडे आधी तो, लग्नाच्या पंगतीत आधी त्याचं पान, आणि मुलगी बघायला गेला तर ‘नारळाचा बरं का’ म्हणून मामा कोपराने ढोसणार.

त्यामुळे संक्रांतीच्या तिळगुळाबरोबरच गावात भाकितं सुरू होत. यंदा नारळ कुणाला? ओट्याओट्यावर पैजा. पुरुष कशावरून ठरवीत ते देव जाणे; मला वाटतं, आवाजावरून ठरवीत. जो मोठ्याने नाव घेईल त्याचा गडी पुढे. सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी मी वाल सोलत बसले होते. मोड आलेले वाल सोलायचे म्हणजे अर्धा दिवस. पण त्याच्या बिरड्यावर सासूबाई ओलं खोबरं पेरीत तेव्हा ते श्रम विसरायला होई. विसूभावजी पाटावर बसून नावं घोकत होते. थट्टेने म्हणाले, “वहिनी, तुम्ही सांगा बघू चार.”

मी चार वाल उचलून जमिनीवर ओळीने ठेवले. हा पहिला, हा दुसरा, हा तिसरा, हा चौथा, नावं सांगितली.

“आणि पैलवान? त्याला वगळला?”

“त्यांची पाठ धरली आहे. बायको तीन दिवस एकटी पाणी भरते आहे.”

चारही वाल बरोबर ठरले. दुसऱ्या वर्षीही. भावजींनी बाहेर सांगताना वहिनीचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मामंजींनी तिसऱ्या प्रकारचं खाकरलं असतं. ‘माझं एक गणित आहे’ एवढंच ते म्हणत आणि मिशा नसलेल्या ओठावरून बोट फिरवीत. होता होता ‘विसूचं भाकीत’ असं त्याला नावच पडलं. खालच्या आळीचा नायक तुका तांडेल, चार होड्यांचा मालक, गडी बघायचा तो बैल बघितल्यासारखा, दातसुद्धा मोजील असा संशयी माणूस, तोही संक्रांतीनंतर उगाच आमच्या ओट्यावर येऊन भाताचा भाव विचारी आणि जाता जाता म्हणे, “काय विसूशेट, गणित काय बोलतंय?”

तिसऱ्या वर्षी विसूभावजी स्वतः रांगेत उभे राहायच्या वयाचे झाले, आणि माझं गणित तिथेच फसलं.

त्या दिवशीही वालच होते. मी पहिला ठेवला, दुसरा ठेवला. हे दोघे कोळीवाड्याचे, त्यांच्याबद्दल वादच नव्हता. तिसरा ठेवला.

“धोंडू,” मी म्हटलं.

“धोंडू तर हवाच,” भावजी म्हणाले. “तो वाकतो तेव्हा वाटतं की माणूस घडी घालून ठेवला. चौथा?”

चौथा वर्षानुवर्षं खाडी पोहणारा एक जण होता. मी वाल ठेवला. भावजी त्या चार वालांकडे बराच वेळ बघत राहिले. मग पाचवा वाल त्यांनी स्वतःच सुपातून उचलला आणि चौथ्याच्या शेजारी, पण जरा मागे, ठेवला. “हा मी,” म्हणाले, आणि हसले. मला ते हसू आवडलं नाही. ज्याने मला ‘श्री’ काढायला शिकवलं त्याचा वाल असा मागे पडलेला मला बघवेना. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर लिहायला बरं वाटलं असतं.

आता धोंडूचं सांगते. पलीकडच्या गल्लीतल्या सुतारांचा तो मुलगा. दिवसभर त्यांच्या दारातून करवतीचा आवाज येई, जाताना एक आणि येताना एक; मी जात्यावर बसले की त्याच तालावर दळण पडे. त्याची बहीण मथुरा माझी मैत्रीण. सासरी आल्यावर मला अगं-तुगं करणारी पहिली व्यक्ती तीच. धोंडूचा बाप तीन वर्षं रांगेत उभा राहून तिन्ही वर्षं गावाच्या मते पाचवा ठरला होता. तीन वेळा नारळ हाताला लागता लागता हुकला, आणि मग बिचारा गेलाच. त्याच्या बायकोने, म्हणजे धोंडूच्या आईने, त्या वर्षी पितळेचं एक ताट राखेने घासून देव्हाऱ्यापुढे उभं करून ठेवलं होतं. मुलाचा नारळ त्यात ठेवून नवऱ्याच्या नावाने फोडायचा. ताट असं लखलखत होतं की मथुरा म्हणे, “मी त्यात तोंड बघून कुंकू लावते गो.”

मागणीच्या चार दिवस आधी मथुरा आमच्या परसदारी आली आणि आंबेहळद मागू लागली. मी दचकले. “धोंडूभाऊंना काय झालं?”

“त्याला कशाला होतंय! बकरीला.” ती पदर तोंडाला लावून हसू दाबत होती. “फळी पडली तिच्या अंगावर. गुडघा सुजलाय. आई तिला लेप लावते न् वर जुनं धोतर गुंडाळते. कुनाला सांगू नको हां लक्ष्मे. बकरीला आंबेहळद लावतात म्हणून गाव हसेल.”

मी हसले. वाटीभर हळद दिली. कुणाला सांगणार नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तलावावर तुका तांडेलाची बायको माझ्या शेजारच्या पायरीवर येऊन बसली. अंगाने ऐसपैस, हातात बांगड्या कोपरापर्यंत; ती पिळू लागली की लुगड्याला दया येई. “काय गो लक्ष्मे,” म्हणाली, “तुझ्या दिराचं गणित झालं का? आमच्या घरी दुसरी बातच नाय. जेवताना पन गडी, झोपेत पन गडी.”

“मला काय कळतंय त्यातलं,” मी म्हटलं. आणि मग, विचारलं नसताना, पुढे म्हटलं, “काल मथुरा आंबेहळद घेऊन गेली.”

“आगो बाई. कुनाला?”

“गुडघा सुजलाय म्हणाली.”

तांडेलीण पिळायची थांबली. “धोंडूचा?”

मी मान खाली घातली आणि लुगडं चोळत राहिले. झालं, एवढंच. एक अक्षर खोटं बोलले नाही. हळद गेली होती, गुडघा सुजला होता. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच समजावीत आले: लक्ष्मी, तू खोटं बोलली नाहीस. कीर्तनात सत्याचा महिमा निघाला की मला तहान लागे, आणि मी उठून पाणी प्यायला जाई. बकरी हा तीन अक्षरांचा शब्द. तो उच्चारायला मला बोलता येत होतं.

मागणीच्या दिवशी दुपारी आमचं अंगण भरलं. ओट्यावर मामंजी मधोमध, समोर ताम्हणात चार नारळ, दोन्ही बाजूंना दोन नायक: वरच्या आळीचे रघूनाना आणि खालच्या आळीचा तुका तांडेल. आम्ही बायका दाराआड, एकीच्या खांद्यावर दुसरीची हनुवटी. फुटाण्यांचा वास, ताशेवाल्यांनी ताशा शेकायला पेटवलेल्या गवताचा वास. मथुरा माझ्या डाव्या हाताला उभी होती. तिने माझं मनगट धरलं होतं.

कवडी तांडेलाच्या बाजूने पडली, तेव्हा पहिली मागणी त्याची. त्याने कोळीवाड्याचा एक घेतला, रघूनानांनी दुसरा. दोन नारळ गेले, ताशा वाजला. तिसरी मागणी पुन्हा तांडेलाची. सगळं अंगण धोंडूकडे बघू लागलं. धोंडूने पुढे यायला पाऊल उचललंसुद्धा होतं.

तांडेल त्याच्याभोवती एक फेरी घालून आला. “धोंड्या,” म्हणाला, “जरा बसून दाखव.”

धोंडू गोंधळला. पण बसला, आणि उठला.

“हळू उठलास.”

“हळू? बरं, पुन्हा उठतो की.” धोंडू दिवाळीच्या बाणासारखा वर आला.

“आता मुद्दाम जोरात उठलास,” तांडेल म्हणाला. “कोन सांगितल्यावर एवढ्या जोरात उठतो? ज्याला लपवायचं असतंय तो.”

“काय लपवायचं, तांडेल?”

“तोंडावर दुखल्याचं दिसत नाय. म्हंजे सोसतोय.”

लोक हसले. धोंडूही हसला, कारण त्याला वाटलं थट्टा चालली आहे. तांडेलाने वळून पोहणाऱ्याला मागितलं.

चौथी मागणी रघूनानांची. ते भले गृहस्थ, पण त्यांचं सगळं शहाणपण तुका तांडेल काय करतो ते बघण्यात खर्च होई. तांडेलाने सोडला म्हणजे त्याला काही ठाऊक असणार. त्यांनी धोंडूच्या गुडघ्याकडे बघितलं. मग सगळ्या अंगणाने बघितलं. शेकडो डोळे एका गुडघ्यावर! धोंडूने स्वतःही खाली बघितलं, आणि हळूच, जणू विचारल्यासारखा, त्यावर हात फिरवला. झालं, त्या हात फिरवण्यानेच निकाल लागला.

“विसू,” रघूनाना म्हणाले.

माझं मनगट सुटलं. ताशा वाजत होता, विसूभावजी नारळ डोक्यावर धरून नाचत होते, आणि मामंजी चक्क एका नव्याच प्रकारे खाकरत होते, ज्याचा अर्थ सासूबाईंनाही लागेना. तो आनंदाचा असावा.

तो नारळ मीच खवला. त्याचा नारळीभात झाला, लवंगा घालून, वर तूप सोडून. इथे खरं म्हणजे मला घास उतरला नाही असं लिहायला हवं. पण कबूल करायचं तर पुरतंच करावं: उतरला. मी दोनदा वाढून घेतला. भात फार चांगला झाला होता.

सामन्याची हकिकत थोडक्यात सांगते, कारण ती फार वेळ चाललीच नाही. विसूभावजी, चौथ्या नारळाचे गडी, पहिल्याच पाटीवर हात लागून बाद झाले, आणि तेही असे की अडवणारा जांभई देत होता असं गावात पुढे महिनाभर सांगत होते. भावजींनी सगळ्यांत आधी स्वतःच ती गोष्ट रंगवून सांगायला सुरुवात केली. तो त्यांचा स्वभाव. धोंडू चिठ्ठीत तांडेलाच्या आळीला गेला होता. तो खेळला, पण तो धोंडू नव्हताच. लोक ‘जप रे, जप’ ओरडत होते. तांडेल काठावरून ‘गुडघा! गुडघा!’ करीत होता. आणि धोंडू तिसऱ्या पाटीवर वाकला तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तो लंगडत होता. दुसऱ्या वर्षी तो रांगेत उभाच राहिला नाही. ते ताट मी पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि मथुरेला विचारायची माझी छाती झाली नाही.

मथुरा मात्र तलावावर येत राहिली. चार दिवस माझ्यापासून लांबच्या पायरीवर, मग पुन्हा माझ्याच. “बकरी बरी झाली,” एवढं म्हणाली. तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे. पुढे ती टिटवाळ्याला सासरी गेली, आणि तिच्या तिसऱ्या बाळंतपणात गेली. तिला सांगायचं राहिलं. वाल मात्र मी पुन्हा कधी ओळीने लावले नाहीत. भावजींनी दोन वर्षं आग्रह केला, मग स्वतःच्या अकलेने भाकीत केलं, चारांतले चार चुकवले, आणि विसूच्या गणिताची कीर्ती आपोआप संपली.

या गोष्टीला आता तीस वर्षं तरी झाली असतील. मामंजी नाहीत, सासूबाई नाहीत. ओट्यावर आता मी बसते, आणि माझेही केस पिकले आहेत. गेल्या महिन्यात माजघराच्या दाराची चौकट वाळवीने खाल्ली म्हणून धोंडू आला. आता तो धोंडूमिस्त्री. मिशा पांढऱ्या, कानावर पेन्सिल, हाताखाली दोन माणसं. मी पाणी घेऊन गेले तर तो शिडी चढत होता. डावा पाय टाकायचा, उजवा त्याच्याशेजारी आणून ठेवायचा, पुन्हा डावा. लहान मूल जिना चढतं तसा. मी खाली तांब्या धरून बघत राहिले.

“गुडघा का?” मी विचारलं.

“जुनाच आहे, वहिनी. त्या सामन्यापासूनचा.”

“धोंडूभाऊ, खाली या,” मी म्हटलं. “मला काही सांगायचं आहे.”

तो उतरला, ओट्याच्या पायरीशी उभा राहिला. मी सांगितलं. इथे लिहिलं त्याहून पुष्कळ कमी शब्दांत आणि पुष्कळ वाईट रीतीने. आंबेहळद, तांडेलीण, खाली घातलेली मान. तो तांब्या हातात धरून ऐकत होता, पाणी प्यायचं विसरला.

“म्हणजे हळद बकरीची,” शेवटी तो म्हणाला.

“बकरीची.”

“आणि गुडघा?”

“तोही बकरीचाच.”

“माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं?”

“काही नाही. मागणीच्या आधीही नाही आणि त्या दिवशीही नाही.”

तो बराच वेळ आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिला, ओळख विसरलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा. मी म्हटलं, “तुमच्या आईने ताट घासून ठेवलं होतं. तो नारळ तुमचा होता, मला ठाऊक होतं. मी तो...” त्याने ‘असू द्या वहिनी’ म्हटलं नाही. तो म्हणेल अशी माझी अपेक्षा होती, हेही आज लिहून ठेवते. म्हटलं नाही ते बरंच केलं.

त्याने तांब्या खाली ठेवला. धोतर जरा वर खोचलं. आमच्या ओट्याला तीन पायऱ्या आहेत. त्याने पहिल्या पायरीवर उजवा पाय टाकला, आणि डावा शेजारी न आणता सरळ दुसरीवर. मग उजवा तिसरीवर. वर पोचला. तिथे क्षणभर उभा राहिला, वळला, माझ्याकडे बघितलं. त्याच्या मिशीखाली हसू होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

“दुखतो हो, वहिनी,” म्हणाला. “अजून दुखतोच.”

आणि चौकटीच्या कामाला लागला.